रणपिसे मॅडमचं शॉप

रणपिसे मॅडम आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीवर बसल्याच नाहीत. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओसरीवरची लाकडी खुर्ची फडक्यानं झटकून पुढे केली, तर बाईंनी ती उचलली आणि अंगणात उलटी करून ठेवली. पाय आभाळाकडे. मग स्वतः उकिडव्या बसून एकेक पाय हलवून बघू लागल्या. पाहुणी म्हणून आलेल्या बाईनं यजमानाची खुर्ची उलटी केल्याचं आमच्या वडगाव रासाईत तोवर कुणी पाहिलं नसावं. चहा घेऊन बाहेर आलेली आई दारातच थबकली.

"आवो मॅडम, बसा की," आप्पा म्हणाले. "खुर्चीत काय बघताय?"

"बसते दादा. पण हिचा मागचा पाय ढिला झालाय. मी बसले तर पडेन, आणि पडलेल्या बाईचं तुम्ही काही ऐकणार नाही. हातोडी आहे का घरात?"

हातोडी आली. मॅडमनी पर्समध्ये हात घालून लाकडाची एक लहानशी पाचर काढली. पर्समध्ये पाचर बाळगणारी बाईही मी पहिल्यांदाच पाहत होते. पाचर सांध्यात बसली, वरून हलके टोले पडले, खुर्ची सुलटी झाली आणि मग मॅडम तिच्यावर ऐसपैस बसल्या. चहाचा घोट घेऊन त्यांनी कामाचं काढलं.

त्या शिरूरजवळच्या एका प्रशिक्षण महाविद्यालयात लाकूडकाम शिकवत होत्या. फर्निचर, दारं-खिडक्या, कारखान्यातला माल भरायच्या पेट्या, पॅलेट, सगळं त्या कोर्समध्ये होतं. पण मुलं इलेक्ट्रिशियन नाहीतर फिटर मागायची, आणि लाकूडकामाच्या जागा रिकाम्या राहायच्या. म्हणून दरवर्षी शाळा-कॉलेजांचे निकाल लागले की मॅडम स्कूटीवर बसून गावोगाव विद्यार्थी गोळा करत फिरायच्या. माझी बारावी झाली होती, मार्क बेताचे होते. पुढे काय करायचं यावर घरात कुणी बोलत नव्हतं, म्हणजे स्थळं बघायची हे ठरल्यातच जमा होतं. आमच्याच गावच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मॅडमना माझं नाव सांगितलं होतं.

"पोरीला सुतार करू म्हंता?" आप्पा हसले. "आवो, लग्नाला कोण इचारल तिला?"

"विचारतील की. घरातली कपाटं फुकटात होतील म्हणून तरी विचारतील."

आप्पा मोठ्यानं हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "आन् हाताला काय झालं म्हंजी? मशीनवर बोटं जात्यात म्हणं."

मॅडमनी कप खाली ठेवला आणि दोन्ही पंजे आईसमोर धरले. सगळी बोटं जागच्या जागी होती. नखं बारीक कापलेली, तळव्यांना घट्टे. "ही बघा ताई. निम्मं आयुष्य मशीनवर गेलंय माझं. माझ्या शॉपमध्ये आजवर एका पोराचं बोट गेलेलं नाही. हिचंही जाऊ देणार नाही."

आई त्या हातांकडे बराच वेळ बघत राहिली. माझी ॲडमिशन तिथंच झाली असं मला वाटतं.

शॉप हा त्यांचा शब्द. वर्कशॉपला त्या कधी वर्कशॉप म्हणाल्या नाहीत. एक उंच पत्र्याची शेड होती. डाव्या बाजूला हातकामाची लांब टेबलं, उजव्या बाजूला मशीन: गोल पात्याची करवत, रंधा मशीन, भोकं पाडायचं मशीन. मधून एक पिवळा पट्टा रंगवलेला. तो पट्टा ओलांडून मशीनच्या बाजूला जायचं तर मॅडमची परवानगी लागे. शॉपच्या दारात एक मोठा खिळा होता. मॅडम आल्या की ओढणी काढून त्या खिळ्याला अडकवायच्या, खाकी ॲप्रन चढवायच्या आणि कानामागे पेन्सिल खोचायच्या. बुटक्या, भक्कम, केसांचा घट्ट अंबाडा. चालताना जमिनीकडे बघत चालायच्या, कारण खाली पडलेला खिळा त्यांना सहन होत नसे.

पहिला महिना आम्हाला मशीनला हात लावू दिला नाही. नुसत्या रेघा मारायच्या, मापं घ्यायची, हातकरवतीनं रेघेवरून कापायचं. मुलं वैतागली. मॅडमचं एकच म्हणणं, "पेन्सिल खोडता येते, करवत खोडता येत नाही. आधी खोडून खोडून दमा." आणि कुणी फारच घाई केली की त्यांची कॉलेजातली भाषा गळून पडायची आणि त्यांच्या गावची, दौंडची, वर यायची, "आरं, डोळं हायत का बटणं? कुठं चाललाय कापत?"

आमच्यात तळेगाव ढमढेरेचा सोमनाथ म्हणून एक मुलगा होता. बापाचा भाजीपाला, घरचा पिकअप, आणि मनात आलं ते तोंडात. पहिल्याच आठवड्यात त्यानं भर वर्गात मॅडमच्या समोर जाऊन विचारलं, "मॅडम, तुम्ही सुतार का?"

रणपिसे हे आडनाव सुताराचं नाही हे त्यालाही ठाऊक होतं. मॅडमच्या हातात गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीला, लावलेली फळी होती, नजर त्याच्या तोंडावर.

"हो. जातीनं नाही, हातानं. तू कोण?"

"आमी शेतकरी."

"हातानं?"

सोमनाथनं आपल्या हातांकडे बघितलं. "अजून तर काहीच न्हाई, मॅडम."

सगळे हसले, मॅडमही. "मग बरं झालं. रिकामा हात लवकर भरतो," त्या म्हणाल्या आणि तीच फळी त्याच्या हातात दिली. तेव्हापासून सोमनाथ त्यांचा लाडका झाला. त्यामुळे त्याला सगळ्यात जास्त बोलणी बसायची.

स्वतःविषयी त्या तुकड्यातुकड्यांनी सांगायच्या, तेही काम करता करता. दौंडच्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर. वडील रेल्वेत सुतार होते, डब्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करायचे. "माझ्या बापानं बसवलेलं दार पार कलकत्त्याला जाऊन यायचं. बाप कधी मनमाडच्या पुढं गेला न्हाई," हे त्या फार अभिमानानं सांगायच्या. दहावीनंतर त्यांनी सुतारकामाचा कोर्स घेतला तेव्हा नातेवाईक वडिलांना म्हणाले, हिला नर्स कर, मास्तरीण कर, हे काय. वडील एवढंच म्हणाले, "तिचा हात चालतुय, तर चालू दे." त्या कोर्सला मुलगी म्हणून त्या एकट्याच होत्या. पुढे कितीतरी वर्षं पुण्यातल्या फर्निचरच्या कारखान्यात मशीनवर काम केलं आणि मग इथे शिकवायला आल्या. नोकरी कंत्राटी होती. दरवर्षी नव्यानं नेमणूक व्हायची. नवरा दौंडला रेल्वेत, मुलगी नर्सिंग शिकत होती. मॅडम आठवडाभर शिरूरला खोली घेऊन राहत आणि रविवारी घरी जात. सोमवारी येताना डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याचा ठेचा असायचा. तो त्या स्वतः खायच्या असं मी कधी पाहिलं नाही. दुपारी टेबलावरचा भुसा हातानं बाजूला सारून डबा उघडायच्या आणि म्हणायच्या, "या रे, आधी हात धुवा. भुसा पोटात गेला तर फळ्या होतील."

माझा पहिला सांधा चुकला तो दिवस मला आठवतो. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसायला हवी होती, ती सैल बसली. मध्ये नख जाईल एवढी चांगली फट पडली. मी इकडेतिकडे बघितलं आणि भुसा आणि डिंक कालवून फट भरायला लागले. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"भरू नकोस पूनम."

"वाईट दिसतंय, मॅडम," मी वळून म्हणाले.

"दिसू दे. फट दिसली म्हणजे पुढच्या वेळी हात सांभाळून चालतो. भरलीस की वाटतं, झालं. आणि मग त्याच्यावर कुणीतरी बसतं."

तो सांधा त्यांनी तसाच खिडकीत ठेवला. पुढचा बरा झाला, त्याच्या पुढचा चांगला झाला. मग त्यांनी पहिला उचलून जळणात टाकला.

शॉपचे काही नियम आम्हाला विचित्र वाटायचे. एका वेळी एकानंच बोलायचं. बोलताना मॅडमच्या समोर येऊन, तोंडाकडे तोंड करून बोलायचं. मागून कुणी काही विचारलं की त्या उत्तरच द्यायच्या नाहीत. मशीन चालू असलं की त्या आपला तळवा मशीनच्या अंगावर ठेवून उभ्या राहायच्या, आणि मध्येच म्हणायच्या, "बंद कर. पट्टा सरकलाय." खरोखरच पट्टा सरकलेला असायचा. आम्हाला ही सगळी शिस्त वाटायची. बाई कडक आहेत, मान दिल्याशिवाय बोलत नाहीत, असं आम्ही म्हणायचो.

त्या वर्षी थंडी चांगली पडली होती. वढू बुद्रुकच्या समाधीस्थळी येणाऱ्या भाविकांना बसायला लाकडी बाक करून द्यायचं काम कॉलेजला मिळालं होतं, आणि ते आमच्या तुकडीकडे होतं. खरे बाक, खरी माणसं बसणार, म्हणून सगळे जोरात होतो. एका सकाळी वीज गेली, ती बराच वेळ आलीच नाही. आली तशी सगळ्यांनी एकदम मशीन धरली. मॅडम रंधा मशीनवर एका मुलाला फळी कशी सरकवायची ते दाखवत होत्या, एक तळवा नेहमीसारखा मशीनवर. त्यांच्या पाठीमागे गोल करवतीवर सोमनाथ होता. थंडीमुळे त्यानं ॲप्रनखाली पूर्ण बाह्यांचा स्वेटर ठेवला होता. मशीनवर तसं चालत नाही, बाह्या कोपरावर हव्यात, हे त्यालाही पाठ होतं.

बाहीचा एक धागा पात्यात गेला आणि बाही ओढली गेली.

"मॅडम!" सोमनाथ ओरडला. "मॅडम! ओ मॅडम!"

मॅडम त्याच्यापासून जेमतेम हातभर लांब होत्या. त्या वळल्या नाहीत. वाकून फळीकडे बघत होत्या. मला आजही ती त्यांची शांत पाठ दिसते. मी टेबल ओलांडून पळत गेले आणि भिंतीवरचं लाल बटण दाबलं. त्या बटणानं शॉपमधली सगळी मशीन एकदम बंद पडतात. रंधा मशीनची थरथर तळव्याखाली थांबली, तेव्हा मॅडमनी मान वर केली आणि मागे बघितलं.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. पात्यातून बाही कापून काढली, स्वतःचा ॲप्रन घडी करून सोमनाथच्या तळहातावर दाबून धरला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो दाब त्यांनी सोडला नाही. पंजा खोल कापला होता. बोटं वाचली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, कारण बटण मी दाबलं होतं. मॅडम तिथे आधीच उभ्या होत्या. प्राचार्य भले गृहस्थ होते, मॅडमना सांभाळून घ्यायची त्यांची इच्छा होती. माझं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मुलानं स्वेटर घातला होता, नियम मोडला. सरळ आहे. आपण तेवढंच वरती कळवू. मॅडम, तुम्ही काळजी करू नका."

मॅडम म्हणाल्या, "स्वेटर त्यानं घातला सर, पण मशीन सुरू करण्याआधी बाह्या बघायचं काम माझं. आणि त्यानं हाका मारल्या. हिनं ऐकल्या, सगळ्या शॉपनं ऐकल्या. मला ऐकू आल्या नाहीत."

"त्या गोंधळात नसतील आल्या."

"गोंधळात नाही सर. मला ऐकूच येत नाही. दोन्ही कान बरेच गेलेत. समोरून बोललात तर ओठ बघून कळतं. पाठीमागचं काही कळत नाही."

प्राचार्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला कुठे बघावं कळेना. एवढे दिवस आम्ही ज्याला शिस्त समजत होतो ते काय होतं, ते त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं. कारखान्यातल्या त्या सगळ्या वर्षांत रंधा मशीनच्या शेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते, हे पुढे त्यांनीच सांगितलं. तिथे कानात घालायला कापूस मागितला तर सुपरवायझर हसायचा.

"आधी का सांगितलं नाहीत?" प्राचार्यांनी हळू विचारलं, आणि मग लक्षात येऊन पुन्हा मोठ्यानं, त्यांच्याकडे तोंड करून विचारलं.

"सांगितलं असतं तर शॉप गेलं असतं," मॅडम म्हणाल्या. "वाटलं, डोळ्यांनी आणि हातांनी निभावून नेईन. कालपर्यंत नेलं."

त्या गप्प बसल्या असत्या तर कुणालाही कधी कळलं नसतं. सोमनाथनंही स्वतःलाच दोष दिला असता, देतच होता. केबिनच्या बाहेर आल्यावर मी रडायला लागले. मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तू का रडतेस? तू वेळेवर पळालीस. जा, टेबल पुसून घे."

त्याच दुपारी सोमनाथचे वडील आले. त्यांना गावात सगळे आबा म्हणायचे, आम्हीही तेच म्हणू लागलो. पांढरी टोपी, अंगावर मार्केटची धूळ, आवाज अख्ख्या व्हरांड्यात घुमत होता. "कुठंय ती बाई? पोरगं शिकाया पाठवलं हुतं का हात कापाया?"

आम्ही मॅडमना आत थांबा म्हणत होतो. त्या बाहेर गेल्या, आबांच्या समोर उभ्या राहिल्या आणि केबिनमध्ये जे सांगितलं तेच त्यांना सांगितलं. शब्द कमी केले नाहीत.

आबांचा आवाज खाली आला. "म्हंजी माझं पोरगं तुमच्या नावानं बोंबलत हुतं, आन् तुम्ही..."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि तसेच निघून गेले. मॅडम व्हरांड्यात बराच वेळ उभ्या होत्या. मी त्यांना इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं.

मशीन त्यांच्याकडून काढून घेतली. पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे एक नवीन तरुण सर आले. मॅडमना हत्यारांच्या खोलीत बसवलं, पटाश्या आणि रंधे द्यायचे-घ्यायचे, धार लावून ठेवायचं. पुढच्या वर्षी नेमणूक होणार नाही असं सगळे धरून चालले होते. त्याही. पण हत्यारांच्या खोलीत गर्दी व्हायला लागली. पटाशी बदलायच्या निमित्तानं मुलं जायची आणि चुकलेलं काम खिडकीतून आत सरकवायची. मॅडम ते बघून एक शब्द बोलायच्या, आणि तेवढा पुरायचा.

रविवारी त्यांनी दौंडला जाणं बंद केलं. त्याऐवजी त्या तळेगावला सोमनाथकडे जायला लागल्या. मी काही वेळा त्यांच्याबरोबर गेले. सोमनाथचा उजवा पंजा बांधलेला होता, तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मॅडमनी त्याला उठवलं. डाव्या हातात पेन्सिल दिली. "रेघ मार."

"डाव्या हातानं व्हतंय व्हय मॅडम?"

"उजव्यानं तरी पहिल्या दिवशी कुठं येत होती?"

पट्टी सुटली तेव्हा त्या पिशवीत सावरीच्या हलक्या लाकडाचे गोल ठोकळे घेऊन गेल्या, मोठ्यापासून लहानापर्यंत, स्वतः घासून गुळगुळीत केलेले. मोठा मुठीत धरता आला की त्याहून लहान. सोमनाथ कळवळायचा, मॅडमच्या डोळ्यात पाणी यायचं, पण ठोकळा त्या परत घ्यायच्या नाहीत. सोमनाथची आई चहा करायची. आबा त्या वेळी मुद्दाम रानात जायचे, बांधावर उभे राहून घराकडे बघत राहायचे. मॅडमना ते दिसायचं. त्यांनी कधी हाक मारली नाही.

असे कितीतरी रविवार गेले. मग एकदा मी बरोबर असतानाच आबा रानातून घरी आले, हातपाय धुतले आणि मॅडमच्या समोर येऊन बसले. अगदी समोर. सोमनाथनं त्यांना तसं बसायला सांगितलं असावं.

"बाई, कान दावले का कुणाला?"

मॅडम म्हणाल्या, "घरचे मागं लागलेत. आता दाखवून काय करू? शॉप तर गेलं."

"शॉपचं मला ठावं न्हाई. माझ्या पोराची हाक तुमाला ऐकू आली न्हाई. पुढच्या कुणाच्या पोराची तरी येऊ द्या." आबा थांबले. "परवा पहाटं माल घिऊन पुण्याला चाललोय. पिकअपमधी पुढं जागा हाय. सरकारी दवाखान्यात सोडतो."

मॅडम आबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही, म्हणून मी पुढे झाले. त्यांनी हातानं मला थांबवलं. सगळं कळलं होतं.

त्या पहाटे कोथिंबिरीच्या आणि मेथीच्या जुड्यांबरोबर रणपिसे मॅडम पुण्याला गेल्या. आबा त्यांना नुसते सोडून आले नाहीत, माल उतरवून परत दवाखान्यात जाऊन बसले. नंतर ते आम्हाला रंगवून सांगायचे, "बाई वाघासारखी, पर नर्सनं नाव पुकारलं की आपली पंख्याकडं बघत बसायची. मग मी कोपरानं ढोसायचं, उठा, आपला नंबर!" अशा त्यांच्या बऱ्याच खेपा झाल्या. तपासण्या झाल्या, मापं घेतली गेली, आणि शेवटी दोन्ही कानांना लावायची यंत्रं मिळाली.

पुढचं थोडक्यात सांगते. आबांनी प्राचार्यांना भेटून सांगितलं की माझी तक्रार नाही, बाईंना ठेवा. ज्यांचा मुलगा जखमी झाला तेच म्हणतात म्हटल्यावर बाकीच्यांचं तोंड बंद झालं. मॅडमची नेमणूक झाली, पण त्यांच्याच आग्रहानं नियम बदलला. मशीनच्या बाजूला आता कायम दोन शिक्षक असतात, आणि प्रत्येक मशीनवर एक लाल दिवा आहे, कुणी बटण दाबलं की तो सगळीकडे पेटतो. सोमनाथचा पंजा पूर्ण मिटत नाही, थंडीत दुखतो. त्यानं कोर्स पुरा केला आणि तळेगावात खिडक्या-दारांचं दुकान टाकलं. त्याच्या दुकानात कुणी लांब बाह्यांनी मशीनजवळ गेलं की तो जी भाषा वापरतो ती मी इथे लिहीत नाही. मी रांजणगावच्या एका फर्निचर कारखान्यात आहे, माझ्या हाताखाली एक विभाग आहे. माझ्या विभागात कानांवर संरक्षण घातल्याशिवाय कुणी उभं राहत नाही. नवीन मुलं कुरकुर करतात. मी त्यांना मॅडमची गोष्ट सांगते.

पण यंत्रं मिळाली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

आमचा कोर्स संपत आला होता. मॅडम दुपारी शॉपमध्ये आल्या, दोन्ही कानांमागे ती यंत्रं, आणि पेन्सिल कुठे खोचावी या विचारात हातातच धरलेली. येतानाच वैतागल्या होत्या. "आपल्या एसटीला एवढा आवाज असतो? आणि ही पोरं किती बोलतात रे! गप्प बसा की जरा." पंखा गरगरत होता, त्याच्याकडे त्यांनी रागानं बघितलं. "हा असाच ओरडतो रोज?"

नव्या सरांनी सगळी मशीन बंद केली, कुणीतरी पंखाही बंद केला. शेडमध्ये एकदम शांत झालं. मॅडम टेबलांच्या मधून हळूहळू चालत आल्या. कुठे थांबायच्या, कुठे कान द्यायच्या. माझ्या टेबलाशी आल्या. मी सागाची एक फळी शिकंज्यात धरली होती, परीक्षेच्या स्टुलासाठी, आणि हातातला रंधा तसाच थांबला होता.

"चालव," त्या म्हणाल्या.

मी रंधा फळीवर ठेवला आणि पुढे सरकवला. अख्ख्या शॉपमध्ये तेवढाच आवाज. लाकडाची कुरळी साल निघून टेबलावर पडली. मॅडमचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तरी कपाळाला आठी होती. मला वाटलं, त्या आता काहीतरी बोलतील, ज्यानं आम्ही सगळेच रडू.

"पातं बोथट आहे," मॅडम म्हणाल्या. "एवढं खरखरतंय, तुला ऐकू येत नाही? जा, धार लावून आण."

सगळा वर्ग हसला. मी धावत जाऊन दगडावर धार लावली. मॅडम तिथेही मागे आल्या आणि दगडाचा आवाज ऐकत उभ्या राहिल्या. परत येऊन मी पातं बसवलं, रंधा फळीवर ठेवला आणि सरकवला. या वेळी तो सरसर गेला, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. साल पातळ आणि लांब निघाली. मॅडमनी डोळे मिटले होते. मी पुन्हा सरकवला, पुन्हा सरकवला, फळी आरशासारखी झाली तरी सरकवत राहिले, कारण त्या थांब म्हणत नव्हत्या. शेवटी काढण्यासारखं काही उरलंच नाही आणि मी हात थांबवला.

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"दुसरी फळी घे," त्या म्हणाल्या.